गाडी स्वस्त, रस्ता महाग

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. कितीला मिळतेय? किती किलोमीटर चाललीय? आणि अ‍ॅव्हरेज किती देते? चौथा प्रश्न असलाच तर रंगाचा. रोज तळेगावच्या बाजारात जाऊन यायचं असेल, महिन्यातून एकदा सासुरवाडीला, तर हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. पण ज्याला इंदुरीहून आठवड्यातून तीन दिवस नवी मुंबईला जाऊन परत यायचंय, त्याने हेच तीन प्रश्न विचारून गाडी घेतली तर तो चुकीच्या गोष्टीवर पैसे वाचवतोय असं माझं स्पष्ट मत आहे. आज त्यावरच लिहायचं आहे.

इंदुरी म्हणजे तळेगाव-चाकण रस्त्यावरचं, इंद्रायणीकाठचं आमचं गाव. दाभाड्यांचा भुईकोट किल्ला आणि जवळच भंडारा डोंगर. गेल्या काही वर्षांत आमच्यासारखे बरेच आयटीवाले तळेगाव-इंदुरीच्या पट्ट्यात आलेत. कारण सरळ आहे, पुण्याच्या मानाने घर परवडतं. कोव्हिडमध्ये घरून काम चालू होतं तोवर सगळं झकास होतं. मग कंपन्यांनी हळूच ‘आठवड्यातून तीन दिवस या’ असं सांगायला सुरुवात केली. ज्यांचं ऑफिस हिंजवडीत त्यांचं ठीक आहे. ज्यांचं महापे-ऐरोलीला, ते बिचारे पहाटे उठून उर्से टोलनाक्याच्या दिशेने निघतात. त्यात मीही आलो.

आधी जरा हिशोब मांडू. इंजिनिअर लोकांना एक्सेल शीट उघडल्याशिवाय झोप येत नाही :)

इंदुरी ते महापे एका बाजूने साधारण ११० किलोमीटर धरा. जाऊन-येऊन २२०. आठवड्याचे तीन दिवस, सुट्ट्या-रजा वजा करून वर्षाचे ४६ आठवडे. म्हणजे १३८ फेऱ्या, आणि वर्षाला ३० हजार किलोमीटरच्या थोडं वर. पेट्रोल गाडी लिटरला १८ देते आणि पेट्रोल १०५ रुपये असं धरलं, तर वर्षाचं पेट्रोल सुमारे पावणेदोन लाख. डिझेल गाडी २२ देते आणि डिझेल ९२ धरलं, तर सव्वा लाखाच्या आसपास. एक्सप्रेसवेचा कारचा पूर्ण पल्ल्याचा टोल एप्रिल २०२३ मध्ये २७० वरून ३२० झाला. तोच दर दोन्ही वेळा पूर्ण धरला तर दिवसाला ६४० आणि वर्षाला ८८ हजार! हा आकडा पहिल्यांदा शीटमध्ये उमटला तेव्हा मी फॉर्म्युला दोनदा तपासला. (१५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजारांचा जो वार्षिक फास्टॅग पास आला, तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. आपला एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे, तिथे तो चालत नाही. ही आशाही सोडा.)

आता तीन वर्षांचं बघा. पेट्रोल सव्वापाच लाख, टोल दोन लाख पासष्ट हजार, टायरचे दोन सेट साधारण चाळीस हजार, दर दहा हजार किलोमीटरला एक अशा नऊ सर्व्हिसिंगचे साठेक हजार. झाले जवळजवळ नऊ लाख. विमा यात धरलेलाच नाही. आणि गाडी? साडेचार लाखांची. म्हणजे ज्या किमतीवर आपण दोन-दोन रविवार घासाघीस करतो, ती एकूण खर्चाचा फार तर तिसरा हिस्सा आहे. पेट्रोल गाडीत एका दिवसाचा टोल आणि इंधन मिळून एकोणीसशे रुपयांच्या वर जातात. त्यामुळे मालकाला ताटकळत ठेवून तुम्ही वीस हजार कमी करून घेतलेत, तर ती सगळी कमाई दहा-अकरा दिवसांत उर्से आणि खालापूरच्या मध्ये संपते.

म्हणून माझा पहिला मुद्दा: लांब पल्ल्याच्या रोजच्या प्रवासाला गाडीची किंमत ही शेवटी बघायची गोष्ट आहे.

मग पहिली कुठली? माझ्या मते उत्पादनाचं वर्ष. आणि त्याचं कारण गाडीचं रूप किंवा रिसेल नाही, कायदा आहे. आपल्याकडे गाड्यांच्या सुरक्षिततेचे नियम २०१७ ते २०२२ या पाच-सहा वर्षांत झपाट्याने बदलले. अपघात चाचणीचे निकष ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेल्सना आणि ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सनाही लागू झाले. एबीएस, म्हणजे कचकन ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटा आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना यायला २०२२ चा जानेवारी उजाडला.

वेगाची सूचना म्हणजे तेच ते, ८० च्या वर गेलं की अधूनमधून वाजणारं आणि १२० च्या वर थांबायचं नावच न घेणारं ट्यां ट्यां. एक्सप्रेसवेवर कारला १००ची मर्यादा आहे, त्यामुळे घाट सोडला तर अख्खा रस्ता ते साथीला असतं. वैताग येतो, कबूल. पण गाडी बघायला जाल तेव्हा ते वाजलं की खूश व्हा. ती गाडी नव्या नियमांनंतरची असल्याची ती एक खूण आहे.

या तारखा लक्षात घेतल्या की बाजारातली निम्मी यादी आपोआप गळते. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची बेसिक व्हर्जन्स आदळून पाहिली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय१० आणि फोक्सवॅगन पोलो. मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे. पोलोची एअरबॅगवाली गाडी त्याच वेळी चार तारे घेऊन गेली. म्हणजे नाव तेच, कंपनी तीच, फरक कुठल्या व्हर्जनचा आहे यात. ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. आपण १०० ने जाणार आहोत.

आमच्या ओळखीतले एक काका नेहमी सांगतात, “अरे, दीड लाखात जुनी हॅचबॅक घे, इंजिन टकाटक असतं, गॅरेजवाला कुठेही मिळतो, ठोकली तरी वाईट वाटत नाही.” काकांचं म्हणणं गावापुरतं शंभर टक्के खरं आहे. इंदुरी ते तळेगाव स्टेशन मीही तीच गाडी चालवीन. पण ‘ठोकली तरी वाईट वाटत नाही’ हे वाक्य एक्सप्रेसवेवर लागू पडत नाही हो. २०१६ साली या ९४ किलोमीटरच्या रस्त्यावर १५१ माणसं गेली. त्यानंतर ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ म्हणून काम सुरू झालं, पुढे जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आली, मृत्यू बरेच कमी झाले. रस्त्याच्या बाजूने जे व्हायचं ते होतंय. आपल्या बाजूने पत्रा, बेल्ट, एअरबॅग आणि ब्रेक एवढंच आपल्या हातात आहे. आठवड्यात सहा वेळा घाट उतरणारा-चढणारा माणूस घरच्यांना संध्याकाळी हवा असतो. म्हणून दीड लाखाची २०१० ची गाडी मी या प्रवासासाठी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

दुसरा मुद्दा किलोमीटरचा. इथे तर लोकमत पूर्ण उलटं आहे. ‘डॉक्टरची गाडी आहे, आठ वर्षांत फक्त बावीस हजार’ अशी जाहिरात दिसली की सगळे तुटून पडतात. मी अशा गाडीकडे संशयाने बघतो. आठ वर्षांत बावीस हजार म्हणजे वर्षाला पावणेतीन हजार, महिन्याला सव्वादोनशे. म्हणजे ती गाडी बहुतेक वेळ उभी होती, आणि चालली तेव्हा दोन-दोन किलोमीटर, इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद. टायर जुने होऊन कडक झालेले, रबरी होस सुकलेले, बॅटरी दमलेली, कूलंट कधी बदललं ते देवाला ठाऊक. अशा गाडीला एकदम वर्षाला तीस हजार पळवायला लागलं की पहिल्या सहा महिन्यांत एकेक पार्ट राजीनामा देतो. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला कोड एकदम प्रॉडक्शनवर लोड टाकला की जे होतं, अगदी तेच.

याउलट चार-पाच वर्षांत ऐंशी-नव्वद हजार झालेली, हायवेवर पळालेली, दर दहा हजाराला सर्व्हिस सेंटरचा शिक्का असलेली गाडी लोक बघतसुद्धा नाहीत. हायवेवरचा एक किलोमीटर आणि पुण्यातल्या ट्रॅफिकमधला एक किलोमीटर यांत मोठा फरक आहे. हायवेला टॉप गिअर, एकसारखा वेग, क्लच दाबणं कमी, ब्रेक कमी. झीज कमी होते. आणि लोक घाबरतात म्हणून तिची किंमतही कमी असते. तुम्हाला तर तिच्याकडून हेच काम करून घ्यायचंय!

अर्थात मीटर खरं असेल तर. मीटर मागे फिरवणं हा आपल्याकडचा जुना गृहउद्योग आहे. पण खोटेपणा सगळीकडे एकसारखा करता येत नाही. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा, प्रत्येक वेळचं किलोमीटर तिथे असतं. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा. बावीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत कसं? स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हर सीटची कड, गिअरच्या मुठीवरचे आकडे... सगळे लॉग आहेत हे. मीटर म्हणजे फक्त स्क्रीनवरचा आकडा.

टायरवरही जन्मतारीख असते. बाजूला चार आकडे छापलेले असतात, ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. गाडीचं वर्ष आणि टायरचं वर्ष ताडून बघा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर असेल तर नक्षी कितीही छान दिसो, नव्या सेटचे पैसे किमतीतून कापून घ्या आणि एक्सप्रेसवेवर पहिल्यांदा जायच्या आधी खरंच नवीन टाका. आणि एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. ‘काँक्रीटवर टायर गरम होतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवावी’ असं सांगणारे बरेच भेटतात. बरोबर उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि तोच टायर फुटायची शक्यता वाढते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर प्रेशरचा आकडा लिहिलेला असतो. टायर थंड असताना तेवढी हवा भरा.

आता पेट्रोल, डिझेल की सीएनजी? हा वाद चहाच्या टपरीवर कधीच संपत नाही, पण वर्षाला तीस हजारवाल्याला उत्तर सोपं आहे. डिझेल. वरच्या हिशोबात वर्षाला पन्नास हजारांचा फरक आहे, तीन वर्षांत दीड लाख. शिवाय घाट चढताना डिझेलची खालच्या आरपीएमला मिळणारी ओढ फार कामाची. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. शहरात छोट्या छोट्या फेऱ्या मारून तो तुंबतो, लांब पल्ल्याला मात्र काजळी जळून तो साफ होत राहतो. म्हणजे लोक ज्या कारणासाठी डिझेल टाळतात, ते कारणच आपल्याला लागू नाही. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, त्यामुळे २०१९-२० ची डिझेल डिझायर अजून बाजारात हिंडताना दिसते. २०१८ नंतरची डिझेल अमेझ तशीच. या दोन्हींत त्या पिढीपासून दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हर्जन्समध्ये होतं, आणि अमेझला २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले. थोडं जास्त बजेट असेल तर डिझेल नेक्सॉन. डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. डिझेल नकोच असेल तर टियागो किंवा अल्ट्रोज पेट्रोल. जानेवारी २०२० मध्ये टियागोला चार आणि अल्ट्रोजला पाच तारे मिळाले. (हे सगळे तारे जुन्या पद्धतीचे. २०२२ पासून चाचणी कडक झाली, त्यामुळे आजच्या ताऱ्यांशी थेट तुलना करू नका.)

सीएनजी इंधनाच्या हिशोबात डिझेललाही मागे टाकू शकतो. पण पहाटे पंपावरची रांग, डिकीत टाकी, घाटात कमी पडणारी ताकद आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी, हे सगळं धरून ठरवा. बाहेरून बसवलेलं किट असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का ते आधी बघा.

गाडी चालवून बघायची पद्धतही बदला. मालक आपल्याला कॉलनीत एक चक्कर मारून आणतो, एसी लावून दाखवतो, गाणी वाजवून दाखवतो. त्यातून काय कळणार? सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर समजून जा. कोल्ड स्टार्टला जो आवाज आणि जो धूर येतो तो खरा. मग तळेगावहून जुन्या हायवेने लोणावळा-खंडाळा करत खोपोलीपर्यंत उतरा आणि परत चढा. गाडीत चार माणसं, एसी चालू. उतरताना तिसऱ्या-दुसऱ्या गिअरला इंजिन गाडी धरून ठेवतंय का, खाली पोचल्यावर ब्रेक मऊ पडलेत का, चढताना तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकतोय का, हे बघा. सपाटीला ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतंय का, बघा. मालक या फेरीला ‘नाही’ म्हणाला तर तुमचा प्रश्नच मिटला. नमस्कार करा आणि निघा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला विसरू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. कार्पेट उचलून वास घ्या, सीटखालच्या नटबोल्टांवर गंज बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. कर्ज फिटलंय का आणि आरसीवरून बँकेचा बोजा उतरलाय का, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याचा. फास्टॅगही त्याचा बंद करून आपला घ्या, नाहीतर तुमच्या टोलचे मेसेज त्याला जातील आणि तो कधीतरी वैतागून टॅग बंद करील, नेमका तुम्ही टोलनाक्याच्या रांगेत असताना.

कोणी म्हणेल, एवढी डोकेफोड करण्यापेक्षा सरळ ईएमआयवर नवी घ्यावी. ज्याला झेपेल त्याने जरूर घ्यावी, वॉरंटीचं सुख असतंच. पण तीन वर्षांनी त्या नव्या गाडीच्या मीटरवर नव्वद हजार असतील आणि बाजार तिच्याकडे तसाच नाक मुरडून बघेल, जसा आज तुम्ही बघताय. किंमत पडायची ती दुसऱ्याच्या खिशातून पडून गेल्यावर गाडी घ्यावी, एवढंच माझं म्हणणं.

आणि खरं सांगायचं तर यातला सगळ्यात चांगला पर्याय गाडी न घेण्याचाच असता. पुण्याहून येणारी लोकल तळेगाव करून लोणावळ्याला थांबते. घाट उतरून नवी मुंबईला नेणारी लोकल नाही. ती असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती आणि मी डब्यात बसून छान डुलक्या काढल्या असत्या. असो.

ज्यांना शोधाशोध सुरू करायची आहे त्यांच्यासाठी क्रम पुन्हा एकदा: आधी वर्ष, म्हणजे २०१९च्या जुलैनंतरची, जमल्यास २०२२ नंतरची. मग एअरबॅग आणि एबीएस. मग सर्व्हिसची नोंद. मग टायर-ब्रेक. मग इंधन. आणि सगळ्यात शेवटी किंमत. साडेचार लाखांत यातलं एखादं बसत नसेल तर रंग सोडा, टचस्क्रीन सोडा, सनरूफ तर सोडाच, आणि मीटरवरचे वीस-तीस हजार किलोमीटर जास्त चालवून घ्या. वर्ष मात्र मागे नेऊ नका.